आई-बाबा, आठवणी लिहायला बसाल तेव्हा

मडगाव

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

लहानपणाच्या आणि वाचनाच्या आठवणी लिहायचं तुम्ही दोघांनी मनावर घेतलंत, छान झालं. फक्त सुरुवात ‘माझा जन्म अमुक साली’ अशी करू नका. तसं केलं की दहा पानांत मॅट्रिक येते आणि वही मिटते. त्यापेक्षा वाचलेली एकच वस्तू धरा. पोथी, क्रमिक पुस्तक, वाण्याच्या पुडीचा कागद, काहीही चालेल. ती कोणी दिली, कुठे बसून वाचलीत, उजेड कशाचा होता, अक्षर केवढं होतं, आणि त्यातलं काय कळलं नाही?

हे न कळलेलंच मला जास्त मोलाचं वाटतं. आपल्याकडे बोलणं कोंकणी, वाचणं मराठी. श्रावणात ‘हरिविजय’ ऐकणाऱ्या पोराला कितीतरी शब्द परके असणार. त्यांचे तेव्हा मनाशी काय अर्थ लावलेत, ते लिहा, चुकीचे असले तरी. बाबांच्या डोक्यात तर पोर्तुगीजचीही भर होती. सेगुंद ग्रावचं, म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शाळेतलं, पाठांतर आणि मराठी शाळेतलं पाठांतर यांत फरक काय होता, मार कुठे जास्त बसायचा, हे तपशिलात येऊ द्या.

घरातली बोलणी कोंकणीतच ठेवा. ‘पयलीं हात-पांय धू, मागीर पुस्तक घे’ हे आजीच्या तोंडी शुद्ध मराठीत घातलंत तर आजी राहणार नाही, शाळेतल्या बाई बोलायला लागतील.

वही 200 पानी, मोठी घ्या. फक्त उजव्या पानावर लिहा, डावं कोरं सोडा. नंतर आठवेल ते तिथे, तारीख घालून. पेन साधं बॉलपेन. जेलची शाई पावसाळ्यात दमट कागदावर फुटते. आईची बोटं दुखत असतील तेव्हा फोनवर रेकॉर्ड करा. एका फाइलीत एकच विषय, फार तर दहा मिनिटं, सुरुवातीला तारीख बोलायची. बोललेलं आपोआप टाइप होण्याची सोय आहे, पण कोंकणी वाक्याला ती मराठी समजून भलतंच उठवते. माणसांची आणि वाड्यांची नावं तर हमखास बिघडतात, ती हाताने घाला.

समासात खूण करत चला: ‘आ’ म्हणजे स्वतःला आठवतं, ‘ऐ’ म्हणजे घरच्यांकडून ऐकलेलं, ‘का’ म्हणजे कागदावर सापडलेलं. वारंवार ऐकलेली गोष्ट काही वर्षांनी आपणच पाहिल्यासारखी वाटू लागते, म्हणून हा खटाटोप.

साल जुळवायला किमती उपयोगी पडतात. आधी गोव्यात पोर्तुगीजांचा 16 टांगांचा रुपिया होता. 1958-59 मध्ये एस्कुद आले, एका रुपियाला 6. गोवा मुक्तीनंतर भारतीय रुपया. तेव्हाचे ‘चार आणे’ म्हणजे 25 पैसे. मासिक कोणत्या नाण्याला घेतलं हे आठवलं की काळ बराचसा पक्का होतो. ‘गोमन्तक’ दैनिक 1962 चं आणि ‘किशोर’ 1971 चं, त्याआधी वाचल्यासारखं वाटत असेल तर ते दुसरंच काहीतरी असणार. घरातल्या पुस्तकाचं आवृत्तीचं पानही बघा. डोळ्यांपुढे येणारं मुखपृष्ठ पुष्कळदा नंतरच्या आवृत्तीचं असतं. जुनी वर्तमानपत्रं बघायची झाली तर पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाता येईल, मी घेऊन जाईन. जन्माची जुनी नोंद हवी असेल तर पोर्तुगीज स्पेलिंगने शोधावी लागते; शंकर ‘एस’खाली नाही, ‘एक्स’खाली मिळतो.

पुस्तकांची ट्रंक मात्र आत्ता उघडू नका. दमट हवेत पानं एकमेकांना चिकटलेली असतात, ओढली की अक्षरासकट सुटतात. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की बाहेर काढू. उन्हात नको, कागद पिवळा पडून तुटतो, सावलीत, वाऱ्यावर. कसर मऊ ब्रशने झाडायची, ओल्या फडक्याने नाही. फोटोंच्या मागे नावं मऊ शिसपेन्सिलीने लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या चेहऱ्यावर उमटतो. अल्बमला चिकटलेले फोटो उपटू नका, जागेवरच खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून टिपा.

पहिली पाचसहा पानं झाली की फोटो काढून पाठवा. शुद्धलेखन तपासत बसू नका, ते मी बघते.

तुमची,
धाकटी