लष्करातून निघालेल्या जनरेटरविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. अमेरिकी लष्कराने मोडीत काढलेला एमईपी-८०३ए जनरेटर तू घेतलास हे वाचून आनंद झाला. आकडा ८१३ नाही याची पाटीवर खात्री करून घेतलीस, हे फार बरे केलेस; तो दिसायला अगदी असाच असतो, पण ६० ऐवजी ४०० हर्ट्झची (म्हणजे सेकंदाला तितक्या आवर्तनांची) वीज देतो आणि घरातल्या उपकरणांना तिचा काही उपयोग नाही. मात्र तुझ्या पत्रातल्या एका वाक्याने माझी झोप उडवली. तू लिहितोस की यंत्र रोज तास-दोन तास चार दिव्यांवर अगदी सुखाने चालते. ते सुखच त्याच्या मुळावर येईल.

हे १० किलोवॉटचे यंत्र आहे. एवढ्या हलक्या लोडवर त्याच्या चार सिलिंडरांचे इंजिन पुरेसे तापत नाही, पिस्टनच्या रिंगा भिंतीला नीट चिकटून बसत नाहीत आणि अर्धवट जळलेले डिझेल काजळीत कालवून धुराच्या नळीत साचत जाते. माझ्या यंत्राच्या सायलेन्सरच्या जोडातून डांबरासारखा काळा, चिकट ओघळ येऊ लागला, तेव्हा ऑइलच गळते आहे असे समजून मी दोन रविवार गॅस्केटे तपासण्यात घालवले. शेवटी बोटावर घेऊन वास घेतला, तर तो डिझेलचा होता! मग पाणी तापवायचे हीटर जोडून ७ ते ८ किलोवॉटचा लोड दिला आणि यंत्र काही तास तसेच चालू ठेवले. सुरुवातीला इतका धूर निघाला की मी घाबरून दूर जाऊन उभा राहिलो. पुढे तो हळूहळू विरळ झाला आणि ओघळही थांबला. तेव्हापासून ३ किलोवॉटच्या खाली मी ते फार वेळ चालवत नाही, आणि महिन्यातून एकदा तरी जड लोडावर घेतो. नुसते चालू करून पाच मिनिटांत बंद करण्यापेक्षा न चालवलेले बरे.

इंजिन चालते पण वीजच येत नाही, ही तुझी दुसरी तक्रार. व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर मागवण्याची घाई करू नकोस. सुरू करण्याचा खटका ‘स्टार्ट’वर धरलेला असतानाच बॅटरीतून फील्डला, म्हणजे वीज तयार होण्यासाठी चुंबकत्व देणाऱ्या गुंडाळीला, सुरुवातीचा प्रवाह मिळतो. इंजिनाने पेट घेतला की आपण सवयीने हात काढतो, आणि तिथेच चूक होते. ऑइलचा दाब चढेपर्यंत आणि व्होल्टमीटरचा काटा वर येऊन स्थिरावेपर्यंत खटका धरून ठेव. मीही याच कारणासाठी एक चांगला रेग्युलेटर काढून बाजूला ठेवला होता, हे तुलाच सांगतो.

बॅटऱ्या १२ व्होल्टच्या दोन असून त्या एकामागोमाग एक जोडून २४ व्होल्ट होतात. माझ्या यंत्राच्या आधीच्या मालकाने त्यातल्या एकीवरच छोटा दिवा जोडला होता. ती कायम अर्धी रिकामी राहिली, दुसरी जादा चार्ज होऊन उकळली आणि दोन्ही एकदमच टाकाव्या लागल्या. बदलायच्या झाल्या तर जोडीनेच बदल.

पॅनेलवर ‘बॅटल शॉर्ट’ नावाचा झाकणाखालचा खटका आहे, त्याला हात लावू नकोस. ऑइलचा दाब गेला किंवा पाणी उकळले तरी यंत्र बंद पडू नये, अशी ती युद्धातली सोय आहे. तिथे इंजिनापेक्षा वीज मोलाची असते, आपल्याकडे तसे नाही.

टाकीच्या तळाचे पाणी अधूनमधून काढणे, फिल्टर आणि ऑइल बदलणे, जुने रबरी पाइप दाबून पाहणे, हे तुला नव्याने सांगायला नको. घराच्या वायरिंगला जोडताना मात्र चेंजओव्हर स्विच (एका वेळी बाहेरची लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा) लावल्याशिवाय केबल जोडू नकोस, नाहीतर तुझी वीज उलटी लाइनीवर जाऊन खांबावर काम करणाऱ्या माणसाचा जीव जाईल.

आता एक काम कर. लोड नसताना आणि ८ किलोवॉट लोड असताना फ्रिक्वेन्सी मीटर काय दाखवतो ते लिहून पाठव. रिकाम्यावर ६१-६२ हर्ट्झ आणि लोडावर ६० च्या आसपास असेल तर गव्हर्नरला, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या भागाला, हात लावायचा नाही. लोडावर काटा ५८ च्या खाली गेला, तर आधी डिझेलचा फिल्टर बदल आणि मग मला कळव.

तुझा मित्र