'भाकीत चुकले' म्हणण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावे की नाही या २०१६ च्या सार्वमताचा आढावा घेणारा लेख रविवारच्या अंकात वाचला. लेख मेहनतीने लिहिला आहे, पण त्यातला एक दावा खटकला. घरांच्या किमती कोसळणार म्हणून तज्ज्ञांनी लोकांना घाबरवले, प्रत्यक्षात किमती वाढल्या, सबब तज्ज्ञ तोंडघशी पडले, असा त्याचा मथितार्थ. हे विधान २०१६ पासून फिरते आहे आणि अर्धे खरे असल्यामुळेच इतके टिकले आहे.

मुळात काय सांगितले गेले होते? मतदान २३ जून २०१६ ला झाले. त्याआधी महिनाभर, मे महिन्यात, ब्रिटनच्या अर्थखात्याने एक अहवाल काढला. युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल लागला तर दोन वर्षांनी घरांच्या किमती १० टक्क्यांनी, आणि फारच बिघडले तर १८ टक्क्यांनी कमी असतील, असा त्याचा अंदाज होता. पण कमी म्हणजे त्या दिवशीच्या किमतीहून नव्हे. संघात राहिल्यास दोन वर्षांनी ज्या किमती झाल्या असत्या, त्यांच्याहून. त्या वेळी किमती वर्षाला आठेक टक्क्यांनी वाढत होत्या. ही वाढ थांबून किमती होत्या तिथेच राहिल्या असत्या, तरीही १० टक्क्यांचा अंदाज खरा ठरू शकला असता. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांना हा फरक नक्कीच कळत होता. तरी प्रचाराच्या धामधुमीत तुलना गळाली आणि लोकांच्या लक्षात राहिला तो १८चा आकडा. भीती घातली गेली, हे लेखकाचे म्हणणे तेवढ्यापुरते मला मान्य आहे.

त्या अंदाजामागची गृहीतके मात्र लेखात कुठेच नाहीत. कौल लागताच बाहेर पडण्याची कायदेशीर प्रक्रिया सुरू होईल, असे त्यात धरले होते. झाले भलतेच: पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी दुसऱ्याच दिवशी राजीनामा जाहीर केला आणि ती प्रक्रिया सुरू व्हायला २९ मार्च २०१७ उजाडला. मध्यवर्ती बँक काही उपाय करील, हेही अंदाजात धरलेले नव्हते. बँक ऑफ इंग्लंडने तर ४ ऑगस्टलाच व्याजदर ०.५ वरून ०.२५ टक्क्यावर आणला, जो तोवरचा नीचांक होता, शिवाय बाजारात पैसा ओतला. गृहकर्ज स्वस्त झाले. छत्री उघडली म्हणून अंग भिजले नाही, आणि आपण म्हणतो पाऊस पडलाच नाही.

पाऊस कुठे पडला हे पाहायचे तर घराच्या सरासरी किमतीकडे पाहून भागत नाही. निकालाच्या दिवशी पौंड डॉलरसमोर १९८५ नंतरच्या नीचांकाला गेला. टेलर विम्पी, बॅरट, पर्सिमन या घरबांधणी कंपन्यांचे शेअर धडाधड कोसळले. कार्यालये, दुकाने, गोदामे अशा मालमत्तेत पैसे गुंतवणाऱ्या फंडांतून लोक पैसे काढायला धावले. ४ जुलैला स्टँडर्ड लाइफने आपल्या फंडातून पैसे काढणे थांबवले आणि पुढच्या एक-दोन दिवसांत अविवा, एम अँड जी यांनीही तेच केले. इमारत एका दुपारी विकून पैसे देता येत नाहीत, हे गुंतवणूकदारांना त्या आठवड्यात समजले असावे.

राहत्या घरांचे गणित निराळे. शेअरवाला घाबरला की विकतो. घरमालक घाबरला की थांबतो. मनासारखी किंमत येत नसेल तर पाटी काढून घेतो, घेणाराही 'बघू पुढच्या वर्षी' म्हणतो. त्यामुळे आधी घटतात ते व्यवहार. विकल्याशिवाय गत्यंतर नसलेले लोक वाढले की मग कुठे किंमत हलते, आणि हप्ते स्वस्त असताना असे लोक फारसे नसतात. ब्रिटनमध्ये किमतींची वार्षिक वाढ २०१८ च्या मध्यापर्यंत ३ टक्क्यांच्या आसपास आली आणि २०१९ मध्ये १ टक्क्याच्या घरात. लंडनमध्ये तर किमती वर्षभरापूर्वीच्या तुलनेत प्रत्यक्ष खाली गेल्या. याला 'कोसळणे' म्हणता येणार नाही, पण 'काहीच झाले नाही' असेही म्हणता येणार नाही.

आता दुसऱ्या बाजूची लबाडीही सांगतो, नाहीतर मी एका गटाची वकिली करतो आहे असे वाटेल. लंडनच्या मंदीचे सगळे खापर सार्वमतावर फोडणारेही तितकेच चूक आहेत. महागड्या घरांवरचे मुद्रांक शुल्क डिसेंबर २०१४ मध्येच चांगले वाढले होते. एप्रिल २०१६ पासून दुसऱ्या घरावर ३ टक्के जादा शुल्क लागू झाले, त्यामुळे मार्चमध्ये खरेदीची झुंबड उडाली आणि नंतरचे महिने आपोआप ओस दिसले. एप्रिल २०१७ पासून भाड्याने देण्यासाठी घर घेणाऱ्यांची व्याजावरची करसवलत टप्प्याटप्प्याने कमी होऊ लागली. यातला कोणता परिणाम मताचा आणि कोणता कराचा, हे सरासरीच्या एका रेघेवरून ठरवणे अवघड आहे.

लोकांना तज्ज्ञांचा कंटाळा आला आहे, असे तेव्हाचे न्यायमंत्री मायकल गोव्ह मतदानाआधी म्हणाले आणि त्यांच्यावर टीकेची झोड उठली. पण तज्ज्ञांचे म्हणणे कापून-छाटून वाचकांसमोर ठेवणारे कोण, हा प्रश्न आपल्या व्यवसायाला अधिक लागू आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये हेच पुन्हा घडले. कराराविना, अव्यवस्थितपणे बाहेर पडल्यास घरांच्या किमती ३० टक्क्यांनी पडू शकतात, असे बँक ऑफ इंग्लंडने मांडले. बँका तग धरतील का हे तपासण्यासाठी कल्पिलेली ती वाईटातली वाईट परिस्थिती होती, आणि हे भाकीत नव्हे असे बँकेनेच बजावले होते. तरी चर्चेत त्याचे भाकीत झालेच. तसे बाहेर पडणे घडले नाही, आणि 'आणखी एक अंदाज फसला' म्हणायला लोक मोकळे झाले.

सगळ्यात नवल याचे, की किमती पडणे ही धमकी आहे हे साऱ्यांनी गृहीत धरले. कुणासाठी धमकी? जनमत पाहण्या करणारे लॉर्ड ॲशक्रॉफ्ट यांच्या मतदानदिवशीच्या पाहणीत आलेले चित्र उलटेच आहे. कर्ज फिटलेल्या घरांचे मालक, ज्यांच्या घराचे मोल कमी होणार होते, त्यांच्यातल्या बहुमताने बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले. खासगी घरात भाड्याने राहणारे, ज्यांना स्वस्ताईचा लाभ झाला असता, त्यांच्यातल्या बहुमताने संघात राहण्याच्या बाजूने. सरकारी आणि सामाजिक संस्थांच्या घरांतले भाडेकरू मात्र सुमारे दोन तृतीयांश बाहेर पडण्याच्या बाजूने होते. यात वयाचा भाग मोठा आहे: कर्ज फिटलेले बहुतेक वयस्क, खासगी भाडेकरू बहुतेक तरुण. तरी घराच्या किमतीची भीती ज्यांना दाखवायची त्यांच्यापर्यंत ती पोचली नाही, एवढे नक्की. डेव्हिड ॲडलर आणि बेन ॲन्सेल या अभ्यासकांनी पुढे दाखवले, की जिथे घरांच्या किमती फारशा वाढल्या नव्हत्या तिथे बाहेर पडण्याच्या बाजूची मते जास्त होती. म्हणजे मताने घरबाजाराचे काय केले, एवढेच विचारून थांबू नये. घरबाजाराने मताचे काय केले, हेही विचारावे लागते. आपल्या लेखाला ही दिशा सुचलीच नाही.

एक गोष्ट राहिली. १ कोटी ७४ लाख लोकांनी दिलेल्या मताने गृहकर्ज महागले नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये हुजूर पक्षाच्या ८१,३२६ सदस्यांच्या मतांनी लिझ ट्रस पंतप्रधान झाल्या आणि महिना संपायच्या आत, त्यांच्या सरकारच्या २३ तारखेच्या अर्थसंकल्पी घोषणांनंतर, बँकांनी शेकडो कर्जयोजना मागे घेतल्या. दोन वर्षांच्या स्थिर दराच्या कर्जाचे सरासरी व्याज ६ टक्क्यांच्या वर गेले. व्याजदर तेव्हा जगभर चढत होते हे खरे. पण कोणत्या मतदानाला 'मोठे' म्हणायचे, हे मतदारांच्या संख्येवरून ठरवू नये असे मला वाटते.

लेखासोबत आपण सरासरी किमतीचा आलेख दिला आहे. त्याच्या शेजारी व्यवहारांच्या संख्येचा आणि भाड्याचा आलेख द्यायला हवा होता. भाडेकरू तर त्या पानभर मजकुरात एकदाही येत नाही. आणि यापुढे अशा अंदाजाची बातमी छापाल तेव्हा तो कशाच्या तुलनेत आहे हे मथळ्यात मावत नसेल, तर पहिल्या परिच्छेदात तरी यावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक