पेमेंट सीट

नेपरविल, इलिनॉय
रविवार, 19 एप्रिल

प्रिय पक्या,

दिवाळीनंतर माझा फोन नाही. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचंही मला दुसऱ्याकडून कळलं. रागावला असशील तर तो हक्कच आहे तुझा. इकडे सगळे बरे आहेत, माझी शुगर होती तिथंच आहे.

काल जेवताना चिऊला मी एक वाक्य बोललो. तेच याआधी आयुष्यात एकदाच बोललोय, 1994 च्या ऑगस्टात, इस्लामपूरच्या स्टँडवर, तुला, तुझ्या अण्णांच्या देखत. तू दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलला नव्हतास. म्हणून हे पत्र तुलाच. हिलाही मी निम्मंच सांगितलंय.

चिऊला दोन्हीकडे प्रवेश मिळालाय. एक आमच्याच राज्याचं, इलिनॉय विद्यापीठाचं शॅम्पेनचं इंजिनिअरिंग. गाडीनं अडीच तास. राज्यात राहणाऱ्यांना फी कमी, आणि इथल्या कायद्यानं पहिल्या वर्षीची ट्यूशन फी चार वर्षं वाढत नाही. तिच्या जन्मापासून बाजूला टाकलेल्या पैशात जवळजवळ भागेल. दुसरं पूर्वेकडचं खासगी विद्यापीठ. राहण्याखाण्यासकट वर्षाला 90,000 डॉलरच्या वर, म्हणजे साधारण दुप्पट. आम्ही दोघं कमावतो म्हणून मदत शून्य. घरावर कर्ज काढावं लागेल, आणि मी पन्नाशीला आलोय. 1 मेपर्यंत कळवायचंय.

यात विचार कसला करतोस, असं तू म्हणशील. मीही तेच म्हणत होतो. पण गाठ वेगळीच आहे. शॅम्पेनला शाखा अर्जातच भरावी लागते, नंतर कॉम्प्युटर सायन्सकडे वळणं फार अवघड. तिला कॉम्प्युटरच हवं होतं. तिथं गर्दी फार, सिव्हिल भर, असा धोशा मीच लावला, आणि तिनं ऐकलं. खासगीत आधी वर्षभर शिकून मग शाखा निवडता येते. अर्ज भरताना मी गप्प बसलो असतो तर आज हा प्रश्न कदाचित वेगळाच असता.

तिथलं सिव्हिल नावाजलेलं आहे रे. शिकागोच्या सीअर्स टॉवरचे इंजिनिअर फझलूर खान ढाक्याहून येऊन तिथंच शिकले. हे मी तिला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा ती म्हणाली, "बाबा, मला टॉवर नाही बांधायचा."

मार्चमध्ये तिला घेऊन गेलो होतो. तिथं कॅम्पसच्या ऐन मध्यात 1876 पासूनचं मक्याचं प्रयोगाचं रान आहे. शेजारी लायब्ररी बांधायची वेळ आली तेव्हा पिकावर सावली पडू नये म्हणून त्यांनी ती जमिनीखाली बांधली! मला अण्णाच आठवले. त्यांना हे सांगायला हवं होतं. मी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. चिऊ म्हणाली, "चला ना, नुसती माती तर आहे."

काल ती म्हणाली, "नोकरी लागली की कर्ज मी फेडीन." आणि मी म्हणालो, "पैसे मोजून घेतलेल्या सीटला काय किंमत असते?" ती ताटावरून उठली.

पक्या, त्या दिवशी मी जळत होतो. मलाही कॉम्प्युटर हवं होतं, मिळालं कराडचं मेकॅनिकल. सरकारी सीट म्हणून गावभर मिरवलं, पण तुझी जादा फी मोजून घेतलेली पेमेंट सीट कॉम्प्युटरची होती ते आत टोचत होतं. त्या फीसाठी अण्णांनी ओढ्याकडचं रान विकून महिनाही झाला नव्हता. माझं बोलणं त्यांनी ऐकलं, आणि गाडीत कंडक्टरकडून माझंही तिकीट त्यांनीच काढलं. मी पैसे द्यायला गेलो तर माझा हात बाजूला केला. त्यांची माफी मागायची राहून गेली. तुझी आज मागतो. (माझा ड्रॉइंगचा ड्राफ्टर 1996 पासून तुझ्याकडे आहे, त्याची माफी तू वेगळी माग.)

आता खरं सांग. हॉस्टेलवर, गणिताच्या एम-थ्री पेपरात नापास होऊन केटी लागली तेव्हा तुला रान आठवायचं का? अण्णा कधी बोलले नसतील, पण तुला त्याचं ओझं झालं का? कर्ज मी काढीन रे, फेडीनही. पण ती तिथं प्रत्येक परीक्षेला आमचं घर मोजत बसली तर? आणि शॅम्पेनला पाठवली, आणि माझ्यासारखी तीस वर्षं दुसऱ्याच्या शाखेकडे बघत राहिली तर? मेकॅनिकलनं मला पोटभर दिलं, अमेरिका दाखवली. तरी तुझ्या पहिल्या नोकरीचं पत्र आलं त्या रात्री मला झोप नव्हती. हिचं मत शॅम्पेनच. ती म्हणते, पोरगी हुशार आहे, वाट काढेल. तसं असेलही. पण वाट मी अडवली, ती तिनं का काढायची?

धाकट्याची सीईटी ना यंदा? त्याला सांग, काका आठवण काढतो. नवा फ्लॅट लागला का? वहिनींना आणि काकूंना नमस्कार.

1 मेच्या आत फोन कर. तुमचे सकाळचे साडेसात म्हणजे आमचे रात्रीचे नऊ, तेव्हा चिऊ घरातच असते. माझ्याआधी तिच्याशी बोल. ओढ्याकडच्या रानाचं तिला सांग, आणि स्टँडवर मी काय बोललो तेही.

तुझा,
बाळ्या