शेंगदाणा आणि कूट: कॅलरी सारख्या नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वजन कमी करणाऱ्यांसाठी कॅलरींचे तक्ते आरोग्य पुरवण्यांतून नेमाने छापून येतात. त्यांत शेंगदाण्याला एकच ओळ असते. अख्खा दाणा, कूट, चटणी, पीनट बटर, सगळ्यांना मिळून एकच आकडा. हा आकडा पदार्थात काय आहे ते सांगतो. त्यातले अंगी किती लागते, हा हिशोब वेगळा आहे.

पाकिटावरची कॅलरी बहुतेक वेळा माणसावर मोजलेली नसते. कर्बोदके आणि प्रथिने ग्रॅमला 4, स्निग्धांश ग्रॅमला 9, असा गुणाकार करून ती काढतात. हे गुणक अमेरिकेतल्या विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवले. मिश्र आहारातला सुमारे 95 टक्के स्निग्धांश पचतो, हे त्यांनी आधीच धरले होते. त्यामुळे रोजच्या वरण-भाताला हे गणित बऱ्यापैकी लागू पडते. फसते ते दाणे आणि बदामाच्या बाबतीत.

या बियांमधले तेल पेशींत बंद असते आणि पेशीची भिंत पचवणारा पाचकरस माणसाकडे नाही. दातांनी किंवा मिक्सरने जेवढ्या पेशी फुटतात तेवढेच तेल आतड्याच्या हाती लागते. उरलेले बरेचसे शौचावाटे निघून जाते. 1980 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आहारातला बहुतेक स्निग्धांश शेंगदाण्यातून दिला होता. अख्खे दाणे खाणाऱ्यांच्या शौचात त्यातला 17.8 टक्के सापडला, पीनट बटर खाणाऱ्यांच्या 7 आणि शेंगदाणा तेल घेणाऱ्यांच्या 4.5 टक्के. बदामाची मोजणी अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी केली. 28 ग्रॅम अख्ख्या बदामांतून गुणाकाराने 170च्या आसपास कॅलरी निघतात, शरीराला मिळाल्या 129. पुढच्या अभ्यासात 100 ग्रॅममागे कच्च्या अख्ख्या बदामाच्या 442, भाजलेल्याच्या 486, भाजून तुकडे केलेल्याच्या 504 आणि बदामाच्या बटरच्या 653 कॅलरी भरल्या. भाजल्याने दाणा ठिसूळ होतो, दाताखाली त्याचा बारीक चुरा होतो आणि जास्त पेशी फुटतात.

आमच्या सोलापूरची चटणी तेल सुटेपर्यंत कुटतात. ते सुटलेले तेल म्हणजे फुटलेल्या पेशींतलेच तेल. तेव्हा चटणी पीनट बटरच्या रांगेत धरावी. खिचडीत घालायचा जाडसर कूट अख्खा दाणा आणि चटणी यांच्यामध्ये कुठेतरी बसेल.

आता हा फरक केवढा? मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम दाण्यांत साधारण 14 ग्रॅम तेल. वरच्या प्रयोगाचे प्रमाण धरले आणि गुणकात वजा झालेले 5 टक्के सोडले, तर अख्ख्या दाण्यातून छापील आकड्यापेक्षा 15-16 कॅलरी कमी मिळतात. रोज मूठभर खाणाऱ्याने यावर फार भरवसा ठेवू नये. बदामाची तूट याहून मोठी आहे, पण त्याचा भावही तसाच.

शिळा भात खाल्ला की कॅलरी कमी मिळतात, असे सांगतात. त्यात तर अतिशयोक्तीच चालते. भात 24 तास फ्रिजमध्ये ठेवून परत गरम केला की न पचणारा स्टार्च 100 ग्रॅममागे 0.64 वरून 1.65 ग्रॅमवर जातो, हे एका अभ्यासात मोजलेले आहे. वाढ एका ग्रॅमची. हा स्टार्चही पूर्ण फुकट जात नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू तो आंबवतात आणि ग्रॅमला सुमारे 2 कॅलरी परत मिळतात. वाचल्या त्या दोन कॅलरी, आणि तोच भात फोडणीला टाकताना घातलेल्या चमचाभर तेलाच्या 40.

प्रक्रिया केलेल्या पदार्थांचा खरा फटका वेगळ्याच जागी बसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत 20 जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे अन्न, हवे तेवढे खायला दिले. ताटात वाढलेल्या अन्नातले साखर, मीठ, स्निग्धांश, तंतू यांचे प्रमाण दोन्हीकडे सारखे होते. तरी पहिल्या प्रकारात माणसे दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली. मऊ अन्न भराभर खाल्ले जाते आणि पोट भरल्याचा निरोप उशिरा पोचतो. बत्तीस वेळा चावून खाण्याचा सल्ला इथे उपयोगी आहे, जरी जास्त चावल्याने बदामातले तेल जास्त सुटते, हेही प्रयोगात दिसलेले आहे.

हाच हिशोब कुपोषित मुलासाठी उलटा लावायचा. त्याला कॅलरी हव्या आहेत, तेव्हा दाणे बारीक वाटूनच द्यावेत, गुळाबरोबर लाडवात किंवा पातळ करून खिरीत. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा दाणा देऊच नये, श्वासनलिकेत अडकतो.

संपादकांना विनंती एवढीच की, पुढच्या तक्त्यात दाणे आणि बदामांसमोर अख्खे, भरड आणि वाटलेले असे तीन रकाने करावेत. बदामाचे आकडे वर दिलेच आहेत. शेंगदाण्याच्या अख्ख्याच्या रकान्यात 100 ग्रॅममागे छापील आकड्यातून 50 कॅलरी वजा कराव्यात, वाटलेल्याच्या रकान्यात काहीच करू नये.

— एक आहारतज्ज्ञ, सोलापूर