ओटीपी चिंचवडला, काकू देवरुखात

मा. संपादक, स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकांचं पत्र आलं होतं, मोबाईलने माणसं तोडली, पूर्वी लोक एकमेकांशी किती बोलायचे वगैरे. वाचून जरा हसू आलं, कारण ते पूर्वीचं बोलणं मी मिनिटावर विकायचो. १९९२ ते २००६ देवरुखला माझा एसटीडी बूथ होता, म्हणजे पैसे मोजून परगावी फोन लावायचं दुकान. एक पाय लहानपणी पोलिओने गेलेला, बूथ देताना अपंगांना प्राधान्य होतं, म्हणून मिळाला.

काचेची केबिन, आत लाल आकड्यांचा मीटर, बाहेर एक बाकडं. रात्री अकरानंतर चार्ज पाव व्हायचा, त्यामुळे एरवी नऊला झोपणारं आमचं गाव शनिवारी रात्री अकराला माझ्या बाकड्यावर येऊन बसायचं. मुंबईत पोरी दिलेल्या आया, दुबईला नवरा असलेल्या एक-दोघी, आणि बॅटरी घेऊन सोबतीला आलेली पोरं. आत गेल्यावर बाई बोलायची पोरीशी पण बघायची मीटरकडे, रडू आलं तरी आकडा बघून आवरतं घ्यायची. आता मला सांगा, आईने लेकीशी किती वाजता आणि किती वेळ बोलायचं हे कोणी ठरवलं, तर दिल्लीत बसून टेलिफोन खात्याने. याला मनमोकळं बोलणं म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

पण एकट्या खात्याचीच मर्जी चालत होती असंही नाही बरं का. बाहेरच्या देशातली टेलिफोन एक्स्चेंजं, म्हणजे फोन जोडून देणारी यंत्रं, एसीशिवाय चालायची नाहीत, आपल्या धुळीत आणि उकाड्यात ती काय टिकणार, म्हणून १९८४ ला सरकारने सी-डॉट ही टेलिफोन संशोधनाची संस्था काढली आणि त्यांनी १२८ लाईनींचं खेड्यासाठीचं एक्स्चेंज बनवलं जे एसी नसला तरी चालायचं. ती उभी करणाऱ्या सॅम पित्रोदांचं म्हणणंच असं होतं की घरोघर फोन देणं आत्ता जमणार नाही तर कोपऱ्यावर द्या, माणसाला फोन जवळ सापडला म्हणजे झालं. म्हणजे देश जसा होता, गरीब, दमट आणि एका फोनवर अख्खी वाडी भागवणारा, तसं मशीन बनवलं. माझा बूथ त्याच हिशोबातला.

त्या काळातला पी.पी. नंबर आठवतोय का कुणाला? लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या बिलावर, नोकरीच्या अर्जावर शेजाऱ्याचा नंबर टाकायचा आणि पुढे पी.पी. लिहायचं. माझ्या बूथचा नंबर तर किती पत्रिकांवर छापला गेला असेल देव जाणे. मुंबईहून फोन आला की मी पोराला सायकलवर पिटाळायचो, अमक्यांना सांग दहा मिनिटांनी परत करतायत, आणि तोवर निम्म्या आळीला कळलेलं असायचं. कुणाला नोकरी लागली ते मला त्याच्या बापाआधी कळायचं, आणि कुणाचं जमलेलं मोडलं तेही. तोंड बंद ठेवणं हा त्या धंद्यातला अर्धा धंदा होता.

आणि फुकटात निरोप पोचवायची विद्या तर आपल्या रक्तातच आहे. माझे आजोबा गिरणीत होते, ते सांगायचे की गावाहून मुंबईला पोचलं की बिनतिकिटाचं बेअरिंग पत्र टाकायचं, घरच्यांनी पोस्टमनच्या हातात ते नुसतं बघायचं आणि दुप्पट पैसे कोण भरणार म्हणून परत करायचं, पत्र आलं म्हणजे माणूस पोचला, आत काय लिहिलंय त्याच्याशी काय करायचंय. बूथवर तेच चालायचं, फक्त रिंग वापरून. समोरच्याने उचलला तरच मीटर पडतो हे दोन दिवसांत अख्ख्या गावाला कळलेलं, मग दोन रिंग आणि कट म्हणजे गाडीत बसलो. माझी कमाई शून्य आणि वर मलाच थँक्यू.

मग मोबाईल आला. १९९५ ला देशातला पहिला मोबाईल कॉल झाला तेव्हा बोलायला मिनिटाला १६ रुपये होते आणि आलेला फोन उचलायलाही पैसे. २००३ ला इनकमिंग फुकट झालं आणि तिथून मिसकॉलने जो धुमाकूळ घातला त्याला तोड नाही. कुठल्या इंजिनियरने कागदावर मिसकॉल काढला नव्हता, तो लोकांनी शोधला, आणि त्याचे नियमही लोकांनीच केले. कमावत्याने मिसकॉल द्यायचा नाही, बायकोने नवऱ्याला दिला तर चालतो, भाच्याने मामाला दिला तर चालतो, पण जावयाने सासऱ्यांना दिला तर पुढच्या गणपतीपर्यंत तोच विषय. माझ्या एका मित्राने होणाऱ्या सासऱ्यांना चुकून दिला होता, तेही चार रुपयांचा बॅलन्स शिल्लक होता म्हणून, अजून ऐकून घेतो बिचारा. पुढे बँका मिसकॉलवर बॅलन्स सांगायला लागल्या, २०११ मध्ये अण्णा हजारेंच्या लोकपाल आंदोलनाला पाठिंबा मिसकॉलने द्या म्हणून आवाहनं झाली, पक्षांची मेंबरशिपसुद्धा मिसकॉलवर निघाली. म्हणजे लोकांनी पैसे वाचवायला काढलेली पळवाट मोठमोठ्यांनी हमरस्ता म्हणून वापरली. आणि २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, बोलणं जवळपास फुकट झालं, तसा मिसकॉल आपोआप मेला. माझा बूथ त्याच्या दहा वर्षं आधीच गेला होता, तिथे आता झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान आहे, दुसऱ्याचं.

एवढं पुराण लावलं ते आत्ताच्या एका गोष्टीसाठी. आमच्या शेजारच्या काकूंच्या आधारला त्यांच्या मुलाचा नंबर जोडलेला आहे, कारण जोडायला गेले तेव्हा घरात फोन तो एकच होता. मुलगा चिंचवडला कंपनीत. काकूंचं पेन्शनचं काहीतरी अपडेट करायचं म्हणून मी त्यांना घेऊन गेलो, अंगठा मशीनला काही लागेना, सत्तर वर्षं भांडी घासून आणि भाताची लावणी करून रेषा उरतायत कुठे, मग ओटीपी पाठवला. तो गेला चिंचवडला. मुलगा ड्युटीवर, आणि त्यांच्या कंपनीत मोबाईल गेटवर जमा करावा लागतो. दहा मिनिटांत ओटीपी संपला. परत पाठवला, परत संपला. काउंटरवरचा पोरगा वाईट नव्हता हो, पण म्हणाला, "आजी, तुमचा स्वतःचा नंबर नाही का?" काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यांच्या बूथचा होता की."

एक माणूस म्हणजे एक फोन, असं कुणीतरी कुठेतरी धरून चाललंय. आमच्याकडे असं कधीच नव्हतं आणि अजूनही सगळीकडे नाही, घरात एक फोन असतो आणि तो जो बाहेर पडतो त्याच्या खिशात जातो. एक्स्चेंज बनवताना आपल्या उकाड्याचा विचार झाला होता, तसा ओटीपी बनवताना आपल्या घरांचा कुणी केला नाही. निदान दोन नंबर द्यायची तरी सोय करा, दुसऱ्याच्या पुढे पी.पी. लिहू आम्ही, सवय आहे.

काकूंचं काम अजून झालेलं नाही. पुढच्या सोमवारपासून मुलाची सेकंड शिफ्ट लागते, म्हणजे सकाळी तो खोलीवर असेल आणि फोन हातात. त्या दिवशी साडेदहाला परत जायचं ठरलंय.

आपला,
एक माजी एसटीडीवाला, देवरुख, जि. रत्नागिरी