कंटेनर भरायचा तर

रावेर

प्रिय सुनील,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या गावात केळी उत्पादक एकत्र येताहेत हे वाचून फार बरं वाटलं. सोसायटी नोंदवायची की उत्पादक कंपनी, यावर खल चाललाय म्हणतोस. कंपनीला किमान १० शेतकरी आणि ५ संचालक लागतात. शेअर कितीही असोत, दोन्हीकडे प्रत्येक सभासदाला मत एकच. यात फार दिवस घालवू नका, खरं काम पुढेच आहे.

हिशेब बघ. पाच बाय पाच फुटांवर एकरी साधारण १,७४० खोडं बसतात, पण सगळी एकदम कापणीला येत नाहीत. निर्यातीच्या एका ४० फुटी कंटेनरला १३ किलोची १,५४० खोकी लागतात, म्हणजे २० टन माल. घड सरासरी २० किलोचा धरून दांडा आणि नापास फण्या वजा केल्या, तर दीड हजाराच्या आसपास घड एक-दोन दिवसांत कापावे लागतात. दोन एकरवाल्याला हे एकट्याने जमत नाही. म्हणून तो बांधावर आलेल्या व्यापाऱ्याला बोर्ड भावाच्या (बाजारात रोज जाहीर होणाऱ्या दराच्या) खालीच माल देऊन मोकळा होतो. वीस जणांनी लागवडीच्या तारखा ठरवून घेतल्या, की कंटेनर भरतो आणि हेच घड भाव ठरवून विकता येतात. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतरची) दोन्ही धरल्या तर पॅकहाऊसही रिकामं राहत नाही आणि फण्या सोडवणं, धुणं, भरणं ही मजुरी गावातल्या बायकांना बरेच महिने मिळते.

पॅकहाऊसमध्ये घाई नडते. फण्या तुरटीच्या पाण्यात चीक निघेपर्यंत ठेवायच्या. चीक राहिला तर सालीवर काळे डाग पडतात. पाणी पूर्ण निथळू द्यायचं, मगच खोक्यात. पुढे गारवा १३ ते १४ अंश. त्याखाली गेलं की साल काळवंडते आणि केळी नीट पिवळी होत नाहीत. पानांवर करपा रोग लागलेल्या बागेचा माल वाटेतच पिकायला लागतो, आणि एक फणी पिकली की तिच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे शेजारची खोकीही पिकतात. म्हणून प्रत्येक खोक्यावर शेतकऱ्याचा कोड हवाच. नाहीतर एकाच्या मालाचा तोटा सगळ्यांवर वाटला जातो आणि चांगला माल देणारा सभासद सगळ्यात आधी सोडून जातो.

गट मोडतो तो बहुतेक पैशांवरून. खरेदीदाराचे पैसे उशिरा येतात, इकडे सभासदाला मजुरी आणि खताचं बिल द्यायचं असतं. क्विंटलला १०० रुपये जास्त देणारा रोखीचा गिऱ्हाईक दिसला की तो तिकडे वळतो. त्याला दोष देता येत नाही. सुरुवातीलाच खेळतं भांडवल बाजूला काढा, वजन झालं की निदान ७० टक्के रक्कम खात्यात टाका, आणि वर्षाअखेरचा बोनस शेअरवर नव्हे, घातलेल्या मालावर द्या. पीक कर्ज मात्र गावच्या विकास सोसायटीतूनच घेऊ द्या. ३ लाखांपर्यंतचं मुदतीत फेडलं तर सवलतींमुळे व्याज शून्यावर येतं.

इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापनाची पडताळणी दर वर्षी करून घ्या आणि तिचा दाखला काट्याशेजारीच लावा. वजनाची शंका एकदा आली की जात नाही.

आता एक कर. प्रत्येकाचं क्षेत्र, लागवडीची तारीख, खोडांची संख्या आणि पाण्याची सोय लिहून यादी पाठव. त्यावरून कापणीचा तक्ता बसवू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विजय