शेराच्या गुडघ्याविषयी

दादर, १४ ऑगस्ट

प्रिय विनया,

शेरा मागचा पाय टेकवत नाही हे वाचलं आणि हातातला चहा तसाच निवला. त्याला गच्चीवर पळू दिलं म्हणून तू स्वतःला दोष देत बसली आहेस. नको ना असं करूस. लॅब्रेडॉर कुत्र्याच्या गुडघ्यातलं हे लिगामेंट, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून धरणारा पट्टा, सहसा एका उडीत तुटत नाही. ते कित्येक महिने आतून झिजत आलेलं असतं, उडी निमित्ताला होते.

आमचा मोती आठवतो ना? १९९३ साली त्यालाही बहुधा हेच झालं होतं. परळचं जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल तेव्हाही होतं, पण गुडघ्यासाठी कुत्र्याला तिथे न्यायचं घरात कुणाला सुचलंच नाही. मोती उरलेलं आयुष्य लंगडत जगला. त्याला दुखत असेल, हा विचारही आम्ही केला नाही. ते मला अजून टोचतं.

आणि त्याच वर्षी अमेरिकेत बार्कले स्लोकम या सर्जननी आपली टीपीएलओ, म्हणजे नडगीच्या हाडाचा उतार कमी करण्याची, शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली होती! त्याआधी सांध्याबाहेरून जाड नायलॉनचा दोरा बांधून गुडघा आवळायचे. लहान चणीच्या कुत्र्यांत आजही तसं करतात. स्लोकमनी वेगळाच विचार केला. कुत्रा उभा असतानाही त्याचा गुडघा वाकलेलाच असतो, आणि नडगीच्या हाडाचा माथा मागे उतरता, साधारण २५ अंशांचा. पाऊल टेकलं की मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरू पाहतं. त्याला लिगामेंट अडवून धरतं. म्हणून त्यांनी तुटलेल्या लिगामेंटचा नाद सोडला आणि उतारच कमी केला. अर्धगोल करवतीने हाड कापायचं, फिरवून उतार पाचेक अंशांवर आणायचा, प्लेट आणि स्क्रूने बसवायचं. आमच्या कुत्रीचं, मिलीचं, हेच ऑपरेशन झालं. त्यानंतरचा एक्स-रे पाहिला तेव्हा मला रडू आलं, इतकं ते नेटकं होतं.

मिलीचा पहिला महिना मात्र वाया गेला. आधीच्या डॉक्टरांनी संधिवात समजून नुसत्या गोळ्या दिल्या.

शेरा चौदा वर्षांचा असता तर मी थांब म्हटलं असतं. तो पाच वर्षांचा आहे, करून घे. फक्त सर्जनना विचार: अशी ऑपरेशनं तुम्ही स्वतः किती केलीत? नंतर वेदनेसाठी काय देणार? आठ आठवड्यांनी एक्स-रे काढणार ना? ते आठ आठवडे ऑपरेशनपेक्षा कठीण असतात, विनया. उडी नाही, जिना नाही, शू करायलाही पट्टा लावूनच. मी सोफा उभा करून ठेवला होता आणि मिलीशेजारी जमिनीवर झोपत होते. शेराचं वजनही आत्तापासून उतरव. अशा कुत्र्यांपैकी जवळपास निम्म्यांचा दुसरा गुडघाही पुढेमागे जातो.

ऑपरेशनची तारीख ठरली की कळव, मी आठवडाभर साताऱ्याला येते. दोन लांब जुने टॉवेल धुऊन ठेव. पोटाखालून झोळी करून त्याला धरावं लागेल, एकटीला जमणार नाही.

तुझी,
मेधा